परिक्रमेसाठी टायटॅनियमचा गंज घ्यावा का? (दोघी जणी, वीस दिवस पायी)

पूर्णाकाठची

नमस्कार मंडळी. मी दर्यापूर तालुक्यातल्या एका गावची. या वर्षी कार्तिकी एकादशी झाली की मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई नर्मदामाईच्या खंड परिक्रमेचा पहिला टप्पा करणार आहोत. धारणीवरून खंडवा, तिथून ओंकारेश्वर, आणि मग वीस दिवस पायी. जाऊबाई ५८ वर्षांच्या आहेत, डावा गुडघा दुखतो त्यांचा. म्हणून घरातली एकेक वस्तू किराण्याच्या काट्यावर ठेवून बघते आहे.

घरातला रोजचा स्टीलचा गंज झाकणासकट ५३० ग्रॅम भरला. (पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी: आमच्याकडे पातेल्याला गंज म्हणतात. लोखंडावर चढतो तो गंज वेगळा.) भाच्याने मोबाइलवर टायटॅनियमचे गंज दाखवले. लिटरभराचा गंज सव्वाशे-दीडशे ग्रॅमच्या आत, किंमत चार हजारांच्या आसपास. चार हजार म्हणजे आमच्यासाठी लहान रक्कम नाही, पण गुडघ्याकडे पाहिलं की घ्यावासा वाटतो.

काही आश्रमांत सदाव्रतात कोरा शिधा मिळतो, तो आपण रांधायचा. म्हणजे खिचडी, चहा, आणि रात्री पाय शेकायला गरम पाणी, एवढंच काम. चूल लाकडांची. कुणी चुलीवर असा गंज प्रत्यक्ष वापरला आहे का? दोघींना किती मिलिलिटरचा लागेल? उंच घ्यावा की पसरट?

नागद्वार यात्री

ताई, मी दरसाल नागपंचमीच्या टायमाले पचमढीले नागद्वारच्या यात्रेले जातो. पंधरा वर्सं झाले. आमच्या टोळीत एकच जर्मनचा (म्हंजे ॲल्युमिनियमचा) गंज रायते, दोन लिटरचा, पिशवीत बांधून. दोनदा दगडावर आपटला, पोचे पडले, गोट्यानं ठोकून सरका केला. खिचडी कधी लागत नाइ त्याले. चार हजारात तं तुमचं दोघींचं जान्यायेन्याचं भाडं होऊन जाईन. मी म्हन्तो जर्मनच घ्या, हलका हाये अन् सवयीचा हाये.

परतवाड्याहून

माझ्याकडे ११०० मिलिलिटरचा टायटॅनियमचा गंज आहे, चार वर्षांपासून. चिखलदरा आणि नरनाळ्याच्या बाजूला पायी भटकतो तेव्हा सोबत असतो. अनुभव आधी सांगतो, मत नंतर.

पाणी उकळायला त्याच्यासारखं काही नाही. भिंत इतकी पातळ की आच लागली की लगेच आतल्या पाण्याला पोचते. पण त्याच पातळपणामुळे आच जिथे लागते तिथेच राहते, बाजूला पसरत नाही. ज्वाळा मधोमध असेल तर मधोमध रुपयाएवढा डाग करपतो आणि दोन बोटांवरचा भात कच्चा. पहिल्या वर्षी मी तीन वेळा पिठलं जाळलं. पिठलं, झुणका, घट्ट वरण, रव्याचा शिरा, या गोष्टी त्यात करूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

आता मी त्यात कण्या किंवा मुगाच्या डाळीची खिचडी करतो, पण पद्धत वेगळी. तांदूळ-डाळ तासभर भिजवायची. पाणी नेहमीपेक्षा जास्त. उकळी आली की पाच-सहा मिनिटं ढवळत राहायचं, मग गंज विस्तवावरून खाली घ्यायचा, झाकण घट्ट लावायचं आणि सगळा गंज जाड कापडात गुंडाळून अर्धा तास विसरून जायचं. पूर्वी आई दुधाचा नाहीतर भाताचा गंज कुटाराच्या (भुशाच्या) ढिगात दाबून ठेवायची, तोच प्रकार. आतल्या उष्णतेवर दाणा शिजतो आणि बुड जळायचा प्रश्नच राहत नाही. तुरीच्या डाळीचा नाद मात्र सोडा, ती अशी शिजत नाही.

समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचं तुम्हाला फार नडणार नाही. चिखलदऱ्याला, म्हणजे साधारण ११०० मीटरवर, पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे तिथे थोडं जास्त थांबावं लागतं. ओंकारेश्वरकडे तसं काही नाही.

धातू मास्तर

मी वर्ध्याजवळ राहतो, आयुष्यभर मुलांना धातुकाम शिकवलं. हलकेपणाबद्दल एक गैरसमज नेहमी दिसतो, तो आधी दूर करतो.

टायटॅनियम हा ॲल्युमिनियमपेक्षा हलका धातू नाही. एक घन सेंटिमीटर ॲल्युमिनियम २.७ ग्रॅम, टायटॅनियम ४.५ ग्रॅम, स्टील ८ ग्रॅमच्या जवळ. टायटॅनियमचा गंज हलका होतो तो धातू मजबूत असल्यामुळे. पत्रा अगदी पातळ ठेवला तरी चालतो.

ताईंना हवा तसा एक लिटरचा गंज धरू. व्यास १२ सेंटिमीटर, उंची ९. बुड, भिंत आणि झाकण मिळून पत्रा भरतो साधारण ५६५ चौरस सेंटिमीटर.

टायटॅनियम ०.४ मिलिमीटर जाडीचं घेतलं तर १०० ग्रॅमच्या थोडं वर.
ॲल्युमिनियम १ मिलिमीटरचं घेतलं तर १५० च्या थोडं वर.
स्टील अर्ध्या मिलिमीटरचं घेतलं तर सव्वादोनशे.

कडी-मूठ वेगळी. म्हणजे ताईंच्या ५३० ग्रॅमच्या गंजात बराच भाग जाड बुडाचा आणि जड काठाचा आहे. नुसतं पातळ स्टील घेतलं तरी वजन निम्म्याहून खाली येईल. आणि ॲल्युमिनियम ते टायटॅनियम हा फरक ५० ग्रॅमचा, मूठभर शेंगदाण्यांइतका. नागद्वारवाल्या भाऊंच्या म्हणण्यात तथ्य आहे.

करपण्याचं कारणही सांगतो. ॲल्युमिनियम उष्णता टायटॅनियमच्या दहापटीहून जास्त वेगाने पसरवतं. स्टीलही याबाबतीत टायटॅनियमइतकंच मंद आहे, पण घरच्या स्टीलच्या गंजाला जाड बुड असतं म्हणून ते सांभाळून घेतं.

पसरट की उंच, याचं उत्तर चुलीवर पसरट. बुड मोठं तर आच जास्त घेतली जाते, आणि ढवळायला चमचा सगळीकडे पोचतो.

सह्याद्री सोमवार

पुण्याहून लिहितोय. टोक्स, स्नो पीक, एव्हरन्यू या तिन्ही कंपन्यांचे गंज आमच्या गटात आहेत. आमच्यासारख्यांना ७५० मिलिलिटरचा उंच गंज सोयीचा पडतो, कारण गॅसचं छोटं डबडं आत बसतं आणि पिशवीतली जागा वाचते. ताई, छोटा गॅसचा स्टोव्ह नेलात तर आच बारीक करता येईल, करपणार नाही.

परतवाड्याहून

सोमवारभाऊ, गॅसचं त्यांना सुचवू नका. एक तर ती डबडी आमच्या तालुक्याच्या ठिकाणी मिळत नाहीत, संपलं की परिक्रमेच्या वाटेवर तर मिळणारच नाहीत. दुसरं म्हणजे रेल्वेच्या डब्यात गॅस नेणं हा गुन्हा आहे. ताई बसने जातील, पण परतताना खंडव्याहून गाडी पकडली तर? आणि तुमच्या उंच गंजाचं बुड अरुंद असतं, तीन दगडांच्या चुलीवर तो डुगडुगतो. स्टोव्हवर चांगला, चुलीवर नाही.

चुलीसाठी अजून दोन गोष्टी. मुठींवर रबरी नळी असेल तर ती काढून टाका, लाकडाच्या ज्वाळेत जळते. तारेच्या मुठी तापतात, म्हणून छोटी सांडशी किंवा जाड फडकं हवंच. आणि दुहेरी भिंतीचा मग स्वस्तात मिळाला म्हणून घेऊ नका. तो फक्त पिण्यासाठी असतो. विस्तवावर ठेवला तर दोन भिंतींमधली कोंडलेली हवा फुगते आणि तो फुटू शकतो.

रेवातीरी

मी नागपूर जिल्ह्यातली. दोन वर्षांपूर्वी याच टप्प्यातून २२ दिवस चालले. ताई, तुमचा प्रश्न वाचून मला माझी तेव्हाची तयारी आठवली. मीही गंज, तवा, उलथणं, पोळपाट घेऊन निघाले होते. चौथ्या दिवशी तवा आणि पोळपाट एका आश्रमात अर्पण केलं.

२२ दिवसांत मला कोरा शिधा पाच वेळा मिळाला. बाकी सगळीकडे लोकांनी बसवून वाढलं. गावातल्या बायका हाक मारून थांबवतात, "मैया, भोजन पाके जाना." शिधा मिळाला तिथेही दोनदा आश्रमाचंच मोठं भांडं आणि पेटती चूल होती. स्वतःच्या गंजात मी तीनदाच स्वयंपाक केला.

पण चहा आणि गरम पाणी रोज. पहाटे आंघोळीनंतर हात बधिर झालेले असतात तेव्हा घोटभर गरम पाण्याचं मोल कळतं.

तर माझं म्हणणं असं, की भांडं तीनदा चुलीवर आणि वीस दिवस पाठीवर राहणार आहे. खिचडी कशात चांगली होते हे महत्त्वाचं आहेच, पण पाठीवर काय बरं वाटतं ते त्याआधी बघा. आणि आमच्याकडच्यासारखे रोडगे किंवा पानगे करता येत असतील तर गंज लागतच नाही. कणीक आणि गोवऱ्यांचा विस्तव पुरतो. मी एका संध्याकाळी पानगे केले, आश्रमातल्या बाबांना फार आवडले.

पूर्णाकाठची

रेवाताई, तुमच्या या प्रतिसादाने माझा विचारच फिरला. मी खिचडीभोवतीच फिरत होते.

मास्तर, ५० ग्रॅमचा हिशोब पटला. तरी जर्मनबद्दल माझी एक अडचण आहे, ती इथल्या पाण्याची. आमचं गाव खारपाणपट्ट्यात. नळाला शहानूर धरणाचं पाणी येऊ लागण्याआधी विहिरीच्या पाण्यावर दिवस काढले. त्या पाण्यात डाळ शिजायची नाही, आणि जर्मनच्या गंजाला आतून बारीक बारीक भोकं पडायची. सासूबाई दर दोन वर्षांनी गंज मोडीत द्यायच्या. शिवाय अंबाडीची भाजी किंवा ताकाची कढी जर्मनमध्ये ठेवायची नाही हा घरचा नियमच. टायटॅनियमचं काय होतं खाऱ्या आणि आंबट पदार्थांनी?

धातू मास्तर

फार चांगला मुद्दा, आणि इथे माझं पारडं बदलतं.

खाऱ्या पाण्यातले क्लोराइड ॲल्युमिनियमच्या वरच्या संरक्षक थराला टाचणीच्या टोकाएवढ्या जागी भेदतात आणि तिथून खड्डा खोल जातो. सासूबाईंच्या गंजाला पडायची ती हीच भोकं. साध्या स्टीललाही हे कमी प्रमाणात होतं. टायटॅनियमवर जो ऑक्साइडचा थर असतो तो खाऱ्या पाण्याने हलत नाही. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या यंत्रांत टायटॅनियमच्या नळ्या वापरतात ते याच कारणाने. चिंच, ताक, अंबाडी, काही होणार नाही.

आणखी एक. परिक्रमेत भांडं कशाने घासाल? राखेनेच. राखेत क्षार असतो, तो ॲल्युमिनियम खातो. जर्मनचं भांडं राखेने घासलं की काळपट, निस्तेज होतं ते तुम्ही पाहिलंच असेल. टायटॅनियम राखेने खुशाल घासा.

चुलीवर पहिल्यांदा ठेवल्यावर तो निळा-जांभळा-सोनेरी दिसू लागेल. घाबरू नका. उष्णतेने ऑक्साइडचा थर किंचित जाड होतो आणि त्यावरून परतणाऱ्या प्रकाशाचा रंग बदलतो. पावसाच्या डबक्यावर तेलाचे रंग दिसतात तसं. त्यात विषारी काही नाही.

डाळ न शिजण्याला मात्र गंज काही करू शकत नाही. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीच्या पेशींच्या भिंतींतल्या पेक्टिनला घट्ट करतं. त्यासाठी पाणीच बदलायला हवं.

नागद्वार यात्री

मास्तर, राखेचं खरं हाये. आमचा गंज कायाकुट्ट झाला तो मले वाटे का धुरानंच झाला. बाकी एक सांगतो ताई, कोनताही गंज घ्या, चुलीवर ठेवाच्या आधी बुडाले बाहेरून मातीचा पातय लेप द्या. काजयी लेपावर बसते, धुतलं का निंगून जाते. नाइ तं पिशवीतले सारे कपडे काये होतात.

जंगलवाट

मी मेळघाटात नोकरी करतो. गंजाचं मला कळत नाही, विस्तवाचं कळतं, म्हणून लिहितो.

धारणीच्या रस्त्याने जाताना सेमाडोह, हरिसाल लागतं. रस्त्याच्या कडेला थांबून चहा करायचा मोह होतो, लोक करतातही. कृपा करून करू नका. अभयारण्यात आग लावायला वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चं कलम ३० मनाई करतं. राखीव जंगलासाठी १९२७ च्या वन अधिनियमाचं कलम २६ आहे. कार्तिकात गवत उंच आणि वरून वाळायला लागलेलं असतं. ठिणगी दिसत नाही, दोन तासांनी धूर दिसतो. उन्हाळ्यात मोहफुलांच्या दिवसांत रात्र रात्र आम्ही फांद्यांनी आग झोडपत फिरतो, पायातले बूट वितळतात.

परिक्रमेतही चूल आश्रमाच्या किंवा गावाच्या जागेत, पेटवलेली आधीची जागा असेल तिथेच. निघताना राखेवर पाणी ओतून हात लावून बघा. हाताला गार लागेपर्यंत निघू नका.

परतवाड्याहून

पूर्णाकाठच्या ताई, चार हजार घालण्याआधी माझा गंज नेऊन बघा. येत्या मंगळवारी मी अंजनगावला कामाने येतोय. आठवडाभर ठेवा. पाहिजे तसा चुलीवर जाळा, मला वाईट वाटणार नाही.

पूर्णाकाठची

भाऊंनी खरंच गंज आणून दिला. चार दिवस आमच्या परसातल्या चुलीवर तोच होता. जे झालं ते सगळं लिहिते.

पहिला दिवस. १०० ग्रॅम तांदूळ, ५० ग्रॅम मुगाची डाळ, ६०० मिलिलिटर नळाचं पाणी, इंधन पऱ्हाटीचं (कपाशीच्या वाळक्या झाडांचं). मी मुद्दाम नेहमीसारखीच खिचडी केली, म्हणजे झाकण ठेवून मंद होऊ द्यायची. पऱ्हाटीचा जाळ मंद होतच नाही. दहा मिनिटांत वास आला. मधोमध काळा डाग, वर दाणा कच्चा. जाऊबाई शेजारी बसून होत्या. म्हणाल्या, "बुड लय पातय हाये त्याचं. हे गंज नाइ, कागद हाये." त्यांचा कल तेव्हा पूर्ण जर्मनकडे गेला.

दुसरा दिवस. तेवढंच माप, तासभर भिजवलेलं. उकळी आल्यावर सहा मिनिटं सतत ढवळलं, खाली उतरवून जुन्या गोधडीत गुंडाळलं. पस्तीस मिनिटांनी उघडलं तर वाफ होती, दाणा मऊ होता, बुडाला काही नाही. दोघींना एक वेळ पोटभर झालं. गंज पाऊण भरला होता. म्हणजे ११०० आम्हाला बरोबर आहे. त्याहून लहान घेतला असता तर उकळी ऊतू गेली असती.

तिसऱ्या दिवशी इंधन बदलून बघितलं. तुऱ्हाटीचे (तुरीच्या वाळक्या काड्यांचे) निखारे होऊ दिले आणि निखाऱ्यांवरच गंज ठेवला, ज्वाळा नाही. आच बुडाखाली सारखी राहिली. जाळावर पाणी लवकर उकळतं, पण शिजवायचं असेल तर निखारे, हे मला आता पक्कं कळलं. तीच खिचडी घरच्या विहिरीच्या खाऱ्या पाण्यात केली तर मास्तर म्हणाले तसंच, डाळ टचटचीत राहिली. पण गंजाला आत काहीच झालं नाही, क्षाराचा पांढरा थर बसला तो ओल्या फडक्याने निघाला.

चौथ्या दिवशी नुसतं पाणी. जाऊबाईंचे पाय शेकायला दोन वेळा गंजभर पाणी उकळून बादलीतल्या गार पाण्यात मिसळलं. मग त्यांनी तोच रिकामा गंज हातात घेतला, दुसऱ्या हातात घरचा स्टीलचा घेतला, आणि थोडा वेळ तशाच बसल्या. "घे मंग," एवढंच म्हणाल्या.

सह्याद्री सोमवार

ताई, घेताना एक काळजी. कमी किमतीत टायटॅनियम म्हणून दुसरंच काही विकलं जातं. चुंबक लावून कळत नाही, कारण ॲल्युमिनियम आणि बरंचसं स्टीलही चुंबकाला चिकटत नाही.

धातू मास्तर

त्याला सोपा उपाय आहे, आणि तो सोनाराकडे आहे. त्याच्याकडे बारीक काटा असतो. गंज झाकण काढून आधी कोरडा तोलायचा. मग दोऱ्याने काट्याला टांगून पूर्ण पाण्यात बुडवून तोलायचा, बुडबुडा आत अडकू द्यायचा नाही, भांड्याच्या तळाला टेकू द्यायचा नाही. दोन वजनांतला फरक म्हणजे त्याने बाजूला सारलेलं पाणी. कोरड्या वजनाला त्या फरकाने भागा. ४.५ च्या जवळ आलं तर टायटॅनियम. २.७ आलं तर ॲल्युमिनियम, ८ आलं तर स्टील.

पूर्णाकाठची

गंज आला. पसरट, ११०० मिलिलिटरचा. दर्यापूरला ओळखीच्या सोनारकाकांकडे घेऊन गेले. आधी त्यांना वाटलं मोडीत चांदी आणली. मास्तरांची रीत समजावून सांगितल्यावर त्यांनी स्वतःच काटा उंच टेबलावर मांडला, काट्याखालच्या आकड्याला दोरा बांधला आणि खाली परात ठेवली. परात उथळ पडली, मग शेजारच्या चहावाल्याकडून बादली आणली. कोरडं वजन १०९.६ ग्रॅम, पाण्यात ८५.२. फरक २४.४. भागाकार ४.४९. सोनारकाकांनी पुन्हा एकदा तोलून बघितलं आणि आकडे स्वतःच्या वहीत लिहून ठेवले.

झाकण २४.६ ग्रॅम, म्हणजे सगळं मिळून १३४ ग्रॅम. पूर्वीचे ५३० होते.

परतवाड्याच्या भाऊंचा गंज घासूनपुसून आजच अंजनगावला जाणाऱ्या पुतण्यासोबत दिला आहे. सोबत थोड्या पाटोड्या आहेत, त्या आजच खाव्यात.

गुंडाळायला सबंध गोधडी नेता येत नाही, म्हणून जाऊबाईंनी सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचे पाच पदर घालून गंजाच्या मापाची पिशवी शिवली. तळाला दोन पदर जास्त. वजन ६२ ग्रॅम. काल त्यात खिचडी मुरवून बघितली, चाळीस मिनिटांनी उघडली तेव्हा बोट ठेववत नव्हतं. कुणाला शिवायची असेल तर माप देते: गंजाच्या घेरापेक्षा चार बोटं जास्त, उंचीला एक वीत वर सोडायची म्हणजे तोंड पिळून बांधता येतं, आणि नाडी सुतीच घालायची. नायलॉनची गरम कडेला लागून वितळते.